चारशे मीटर कमी

पाणीपुरवठा कार्यालयात नवीन नळजोडणीचे अर्ज तपासणाऱ्या साहेबांना सगळे पाठीमागे त्रुटीसाहेब म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. अर्ज हातात आला की ते तो वरून खाली वाचत, मग खालून वर वाचत, आणि कोपऱ्यात लाल शाईने एकच शब्द लिहीत : त्रुटी. सही चौकटीबाहेर गेली, त्रुटी. तारखेत खाडाखोड, त्रुटी. एकदा एका माणसाने सगळं बिनचूक भरून आणलं, तेव्हा साहेबांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की कागद डाव्याऐवजी उजव्या कोपऱ्यात टाचलेत. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

साहेब लाच घेत नसत. घेत असते तर लोकांची कामं तरी झाली असती, असं ऑफिसचा शिपाई म्हणायचा.

घरीही त्यांचं तेच. बावीस वर्षांच्या संसारात त्यांच्या बायकोला दोन सवयी लागल्या होत्या. कशावरही सही करायच्या आधी ते पूर्ण वाचायचं, आणि नवऱ्याशी वाद घालायच्या आधी पाणी पिऊन घ्यायचं. बऱ्याचदा पाणी पिता पिता वादाचा विचार बदलायचा.

साहेबांकडे नऊ वर्षांची मोटरसायकल होती आणि त्या मोटरसायकलवर एक मदतयोजना होती. गाडी रस्त्यात बंद पडली तर फोन करायचा, माणूस येणार, गाडी उचलून गॅरेजात पोचवणार. दरवर्षी साहेब न चुकता ती योजना घेत. तिची पुस्तिका त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवली होती आणि तिची चौतीसच्या चौतीस कलमं त्यांना पाठ होती. पण गाडी काही बंद पडत नव्हती. नऊ वर्षांत एकदाही नाही. दर पावसाळ्यात, दर उन्हाळ्यात, गाडी आपली एका किकमध्ये सुरू. एखाद्याने हौसेने छत्री घ्यावी आणि आभाळ कोरडंच राहावं, तसं साहेबांचं झालं होतं.

अखेर एका रविवारी ती बंद पडली. बायकोच्या धाकट्या भावाने शहराबाहेरच्या वसाहतीत नवीन घर घेतलं होतं आणि ताई-भावोजींना जेवायला बोलावलं होतं. अकरा वाजता दोघं निघाले. साहेब पुढे, बायको मागे, तिच्या मांडीवर भावाला द्यायचं भिंतीवरचं घड्याळ, खोक्यात बांधलेलं. शहर संपून लांबच लांब चढ लागला, त्यावरचा सिमेंटचे पाइप बनवायचा कारखाना आला आणि खाली कुठेतरी खट्ट झालं. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी मात्र जागची हलेना. वीस पावलं मागे रस्त्यावर चेन पडली होती.

"आता?" बायकोने विचारलं.

"आता काय? आता फोन," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बायकोला चक्क आनंद दिसला.

फोन एका मुलीने उचलला. आवाज असा गोड की जणू साहेबांच्या गाडीची चेन तुटायचीच ती वाट बघत होती.

"नमस्कार सर, आपली सुरक्षितता ही आमची पहिली काळजी आहे. आपण सुरक्षित जागी आहात का?"

"आहे."

"आपल्यासोबत कोणी आहे का सर?"

"बायको आहे."

"त्या सुरक्षित आहेत का?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. डोक्यावर ऊन, हातात घड्याळाचं खोकं आणि डोळ्यांत जे होतं ते.

"ती आहे," ते म्हणाले. आपण आहोत की नाही याची त्यांना जरा शंका आली.

मुलीने योजनेचा क्रमांक घेतला, गाडीचा क्रमांक घेतला, थोडा वेळ संगीत ऐकवलं आणि परत आली. "सर, आपलं ठिकाण नोंदवलेल्या पत्त्यापासून चार पूर्णांक सहा किलोमीटरवर दिसतंय. कलम अकरानुसार घरापासून पाच किलोमीटरच्या आत गाडी बंद पडल्यास..."

"टोइंग देय नाही," साहेबांनी वाक्य पुरं केलं.

दुसरा कोणी असता तर त्याने त्या मुलीच्या सात पिढ्या काढल्या असत्या. साहेबांना मात्र तिच्याबद्दल आदर वाटला. चारशे मीटर कमी म्हणजे कमी. दया नाही, माया नाही, वर आवाजात साखर. अशी माणसं आपल्या खात्यात का येत नाहीत, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"एक खुलासा हवा. अंतर कुठून धरता? गाडी बंद पडली तिथून, की फोन आला तिथून?"

"सर, आमच्या सिस्टीमला फोनची जागा दिसते."

"म्हणजे फोन पाच किलोमीटरच्या पलीकडून आला तर?"

"तर टोइंग मिळेल, सर."

साहेबांनी फोन ठेवला. त्यांचे डोळे चमकत होते. समोरच्याच्या नियमात त्रुटी सापडली होती.

त्यांनी चेन गुंडाळून हँडलला अडकवली आणि बायकोला बेत सांगितला. गाडी चढावरून चारशे मीटर पुढे ढकलायची आणि परत फोन करायचा.

"पण आपलं घर मागे आहे," बायको म्हणाली. "मागे उतार आहे. तुम्ही नुसते गाडीवर बसलात तरी निम्म्या वाटेपर्यंत ती आपोआप जाईल."

"घराकडे नेली तर योजनेत बसत नाही. घरापासून लांब नेली तर बसते."

"आणि मग ते गाडी कुठे सोडणार?"

"त्यांच्या मान्यताप्राप्त गॅरेजात. आपल्या मागच्याच गल्लीत आहे ते."

"म्हणजे गाडी घराजवळ यावी म्हणून आधी ती घरापासून लांब ढकलायची?"

"कळलं ना तुला?"

"मला नाही कळलं. तुम्हाला कळलंय ना, मग झालं."

साहेब ढकलू लागले. गाडीचं वजन सव्वाशे किलो, साहेबांचं अठ्ठावन्न, आणि चढ असा की रिकाम्या हाताने जाणाऱ्यालाही कमरेवर हात ठेवावासा वाटेल. पण पुढच्या चाकाबरोबर मीटरचा आकडा सरकत होता आणि त्या आकड्यावर साहेबांची नजर होती. दर शंभर मीटरला ते थांबत, घाम पुसत आणि बायकोला आकडा सांगत. बायको खोकं छातीशी धरून मागून चालत होती. नवीन चपला तिला चावत होत्या. एकदाही तिने "किती झालं?" असं विचारलं नाही.

तेवढ्यात एक टेम्पो त्यांना ओलांडून पुढे गेला, थांबला आणि मागे आला. चालवणाऱ्याने मान बाहेर काढली. चाळिशीचा, अंगात बनियन, दात पांढरेशुभ्र.

"साहेब, तुम्ही नळाच्या ऑफिसातले ना? ओळखलंत का? माझ्या अर्जावर तीनदा त्रुटी मारलीत तुम्ही."

"चौथ्यांदा नीट भरून आणा," साहेब धापा टाकत म्हणाले.

"आणू की. आधी गाडी तर चढवू वर. मागे रिकामंच आहे." तो खाली उतरलाही. "कुठे निघालात?"

बायकोने भावाच्या वसाहतीचं नाव सांगितलं.

"माझ्या वाटेवरच आहे. गाडी टाकू, दोघं पुढे बसा. तिथे चौकात चेन बसवणारा आहे, रविवारीही उघडा असतो. अर्ध्या तासाचं काम."

हे इतकं सरळ होतं की साहेबांना त्यात काहीतरी चुकतंय असं वाटणं साहजिकच होतं. त्यांनी मान हलवली. "कलम एकोणीस. अनधिकृत वाहनातून गाडी हलवली की योजना रद्द होते."

टेम्पोवाल्याने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "साहेब, मी कागद मागत नाहीये हो."

"तोच तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

बायकोने यावेळी पाणी पिऊन घेतलं नाही. ती टेम्पोच्या दुसऱ्या बाजूला गेली, दार उघडलं, आधी खोकं आत ठेवलं आणि मग स्वतः चढली.

"अगं, कुठे निघालीस?"

"जेवायला," ती म्हणाली. टेम्पो निघून गेला.

साहेबांनी पुढचे मीटर एकट्याने ओढले. चारशे झाले, वर पन्नास जास्तीचे झाले, आणि त्यांनी विजयी मुद्रेने फोन लावला. तीच मुलगी. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपण सुरक्षित आहात का, आपल्यासोबत कोणी आहे का. "आता नाही," साहेब म्हणाले. मग क्रमांक, मग संगीत.

"सर, चार पूर्णांक आठ."

"अशक्य! मी स्वतः मोजलंय. साडेचारशे मीटर आलोय मी."

"सर, सिस्टीम सरळ रेषेत मोजते. रस्ता तिथे वळलाय."

"पण मी काय उडत आलोय का?"

"नाही सर," ती नम्रपणे म्हणाली. "अजून काही मदत करू शकते का?"

रस्ता खरंच वळत होता. खाणीचा खड्डा टाळून तो असा काही वाकला होता की साहेब जितके पुढे जात, तितके घरापासून लांब जायचं नाव नाही. वळण संपेपर्यंत जवळजवळ तीनशे मीटर फुकट गेले. एकूण सातशे मीटरवर त्यांनी एका विजेच्या खांबाला गाडी टेकवली, दोन मिनिटं खांबालाच मिठी मारली आणि फोन केला. पाच पूर्णांक शून्य एक. मुलीने अभिनंदनाच्या सुरात सांगितलं की वाहन दीड तासात येईल.

ते पावणेदोन तासांनी आलं. मागे उतरता फळका, त्यावर लोखंडी पट्ट्या, आणि चालक असा निवांत की त्याच्यासमोर दगडाला आपण फार घाई करतो असं वाटावं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि फॉर्म साहेबांच्या हाती दिला. साहेबांनी तो वळणदार अक्षरात भरला. 'बंद पडल्याचे ठिकाण' या रकान्याशी त्यांचं पेन जरा घुटमळलं. मग त्यांनी खांबाचा क्रमांक लिहिला. चालकाने फॉर्म घेतला, गाडीची कागदपत्रं मागितली आणि दोन्ही शेजारी धरून बराच वेळ पाहिलं.

"गाडी बाईंच्या नावावर आहे."

ती होती. गाडी घेतली त्या वर्षी बायकांच्या नावावर घेतल्यास नोंदणीत सूट होती, आणि ती सूट साहेबांनीच परिपत्रक वाचून शोधून काढली होती. त्यानंतर नऊ वर्षं गाडीची मालकीण मागच्या सीटवर बसत आली होती.

"सही मालकाची लागते, समोर," चालक म्हणाला. "बाई कुठायत?"

साहेबांनी बायकोला फोन लावला. तो मेहुण्याने उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता आणि कोणीतरी मोठ्याने हसत होतं. "भावोजी, कुठे आहात? आम्ही सगळे बसलो हो जेवायला. ताई म्हणाली तुम्हाला काम आहे." साहेबांनी काम काय आहे ते सांगितलं. मेहुण्याने ते तिकडे मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. हसणं वाढलं. मग बायकोचा शांत आवाज आला, "जेवून येते म्हणावं."

चालकाने टोइंगच्या गाडीच्या सावलीत बसून आपला डबा उघडला आणि साहेबांपुढे सरकवला. सकाळच्या चहावर असलेल्या साहेबांच्या पोटात कावळे कोकलत होते. पण सेवा देणाऱ्याकडून काही घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "नको, आपलं चालू द्या," असं म्हणून त्यांनी तोंड खाणीकडे वळवलं. चालकाने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तीन वाजता बायको भावाच्या स्कूटरवर मागे बसून आली. उतरली, पदर नीट केला, फॉर्म घेतला. आणि वाचू लागली. वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. साहेबांना ती पद्धत कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली.

"इथे लिहिलंय की गाडी या खांबापाशी बंद पडली."

"हं."

"गाडी कारखान्यापाशी बंद पडली."

"अगं, ते... तांत्रिकदृष्ट्या..."

"खोट्यावर सही करायची नाही असं तुम्हीच सांगता ना? दहावीच्या फॉर्मवर आपल्या मुलाची उंची एक इंच चुकली होती तेव्हा तुम्ही मला रात्रभर बसवून नवीन फॉर्म भरायला लावला होता."

"ताई, कर ना सही, काय बिघडतंय?" भाऊ मध्ये पडला.

"तू गप्प बस." तिने फॉर्म चालकाकडे दिला. "दादा, यात त्रुटी आहे. मी सही करणार नाही."

हा शब्द तिने अगदी सहज वापरला. इतकी वर्षं लोकांच्या तोंडावर तो फेकताना समोरच्याला कसं वाटत असेल, हे त्यांना त्या खांबापाशी पहिल्यांदा कळलं. कसं म्हणजे, पायांखाली फरशी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे पायरी निघावी, तसं. चालकाने खांदे उडवले, फॉर्मवर 'मालकाचा नकार' असं लिहिलं, फळका वर घेतला आणि निघून गेला.

मेहुण्याने डिकीतून दोरी काढली. स्कूटरला बांधून गाडी घरापर्यंत ओढून देतो म्हणाला. साहेबांनी नको म्हटलं, दोरीने ओढणं वाहतुकीच्या नियमात बसत नाही. बायको म्हणाली, "चल रे, चहा राहिलाय आपला," आणि दोघं गेले.

साहेबांनी मोटरसायकल वळवली. आता ती पाच किलोमीटरहून जास्त वाटेने घरी न्यायची होती, आणि त्यातले सातशे मीटर त्यांनी स्वतःच वाढवले होते. उतारावर ते सीटवर बसले आणि गाडी आपोआप सुटली. तेवढा भाग बायकोचं म्हणणं खरं निघालं. उरलेली वाट मात्र त्यांनी पायी ढकलत काढली. वाटेत ओळखीच्या तिघांनी विचारलं, "पेट्रोल संपलं का साहेब?" आणि तिघांनाही ते हो म्हणाले. खरी हकिकत सांगायला त्यांच्यापाशी दम नव्हता आणि धीरही.

संध्याकाळी बायको जेवणाचा डबा घेऊन घरी आली तेव्हा साहेब बादलीत पाय सोडून बसले होते. डाव्या टाचेला पावलीएवढा फोड आला होता. त्यांनी रस्ताभर विचार केला होता आणि आता तो मोठेपणाने मांडला.

"तुझं बरोबर होतं. नियमाने बघितलं तर तू सही करायलाच नको होतीस. मी चुकलो. मला उलट अभिमान वाटला."

बायको डबा उघडत होती. ती थांबली.

"नियमाने नाही हो," ती म्हणाली. "मला राग आला होता."

नियम असता तर साहेबांना सोसवला असता. नियमाने मारलेल्या माणसाला निदान कुठल्या कलमाने मेलो हे तरी कळतं.

"चपला चावत होत्या म्हणून?"

"त्यांचाही. पण टेम्पोत त्या माणसाने सांगितलं. त्याच्या आईचे गुडघे गेलेत. शेजारच्या घरून बादल्या भरून दुसऱ्या मजल्यावर नेते. सात महिने झाले. का? तर अर्जात 'पूर्व' लिहायच्या जागी 'पश्चिम' लिहिलं आणि खोडून परत लिहिलं. आणि तो माणूस तुमची गाडी उचलायला टेम्पोतून खाली उतरला होता." तिने ताट त्यांच्यापुढे ठेवलं. "तोच माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता, साहेबांना ऊन लागेल, मागे वळू का. मीच नको म्हटलं."

"खाडाखोड होती," साहेब पुटपुटले. "खाडाखोडीवर सही लागते."

"जेवा," बायको म्हणाली.

सोमवारी सकाळी साहेब किल्ली शोधू लागले, तर ती खुंटीवर नव्हती. बायकोने सांगितलं की ती तिच्या पर्समध्ये आहे. गाडी तिची आहे, चेन ती बसवून घेईल, आणि भाऊ तिला चालवायला शिकवणार आहे. साहेब लंगडत बसने गेले.

ऑफिसात त्यांनी टेम्पोवाल्याचा अर्ज काढला. तीन वेळचा लाल शेरा, त्याखाली तीन तारखा. 'पश्चिम' एका रेघेने खोडलं होतं आणि वर स्वच्छ अक्षरात 'पूर्व' लिहिलं होतं. लहान मुलालाही कळलं असतं. साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, चहा घेतला, पुन्हा उचललं. मंजूर हा शब्द लिहायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. 'मं' जमला, पण 'जूर'पाशी शाई सुकली. शेवटी जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी पूर्ण वाक्य लिहिलं : "विशेष बाब म्हणून मंजूर. हा पायंडा समजू नये."

संध्याकाळी त्यांनी ते बायकोला तोंडपाठ म्हणून दाखवलं. शाबासकी मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. बायकोच्या हाताला चेनचं काळं तेल लागलं होतं आणि ती साबणाने ते घासत होती.

"त्याला पाणी मिळणार ना?"

"पंधरा दिवसांत."

"बरं झालं. आणि कपाटात असे अजून किती आहेत?"

"एकशे बारा," साहेब म्हणाले. आकडा त्यांना नेहमीच अचूक ठाऊक असायचा.

बायकोने नळ बंद केला आणि हात पुसले.

साहेब काही एका रात्रीत बदलले नाहीत. नियम बदलणं त्यांच्या अधिकारात नव्हतं, आणि नियम चुकीचा आहे असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन अर्ज विशेष बाब म्हणून सोडले, त्यापुढच्या आठवड्यात पाच. तेच तेच लिहून हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी पदरच्या पैशाने रबरी शिक्का करून घेतला : 'विशेष बाब म्हणून मंजूर. हा पायंडा समजू नये.' आता शहराच्या निम्म्या नव्या नळांना अपवादाचं पाणी येतं. शिपाई म्हणतो, साहेब सुधारले. साहेबांना हे अजिबात मान्य नाही. आपण नियमाला धक्काही लावलेला नाही, असं ते बसमध्ये शेजारी बसेल त्याला सांगतात. किल्ली अजून बायकोकडेच आहे.